काळ्या फरशीची बाग

घरामागं बाग करायची, असं मी चैत्रातल्या एका रविवारी ठरवलं. आणि मी एकदा ठरवलं की मागे हटत नाही. (पडतो, पण पुढच्या बाजूला पडतो.)

बाग म्हणजे काय, तर चंद्रपुरात तुकूमला आमचं छोटं घर, त्याच्यामागं चार खाटा मावतील एवढी बाडी. एका कोपऱ्यात वालाचा मांडव, बाकी शेणानं सारवलेली जमीन. तिला हात लावायचं खरं कारण होतं माझे सासरे सोमाजीमामा. ते वैशाखात महिनाभर राहायला येणार होते. लग्न झाल्यापासून माझ्याबद्दल त्यांचं एकच मत, आणि तेही चार पाहुण्यांसमोर : "जवाई हापिसात कागदं हलवते. बाकी हातात काई नाई." या वर्षी त्यांच्या तोंडून 'वा जवाईबापू' काढायचंच, असा मी विडा उचलला होता.

मांडवाची पहिली बल्ली उपटली आणि बायको, सत्यशीला, धावत आली.

"अहो, मांडव काऊन मोडून राह्यले?"

"लँडस्केपिंग करून राह्यलो."

"ते कोनाले लागते?"

"साहेब लोक करतात."

"साहेब लोकं वालाच्या शेंगा खात नाईत का?"

असल्या प्रश्नांना उत्तरं देत बसलं तर देशात एकही बाग झाली नसती. मी सामान बघायला निघालो. मुरूम पाहिला, तो चपलेला चिकटून घरात आला असता. विटा पाहिल्या, पण विटांची जमीन बघून लोक विचारतात, "काम कधी पुरं होनार?" शेवटी बापूराव फरशीवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे गडचांदूरकडच्या दोन फरश्या होत्या, एक पांढरट आणि एक काळी कुळकुळीत.

"बापूराव, घुग्घुसकडून वारा सुटला की आपल्याकडे काय येतं?"

"कोळशाची धूळ, भाऊ."

"म्हणजे पांढरी फरशी आठ दिवसांत काळी पडणार. मग आधीच काळी घेतलेली काय वाईट?"

"वा भाऊ! याले म्हनते डोकं!" बापूरावानं लगेच माल लादायला घेतला. (ती काळी फरशी त्याच्याकडे कधीपासून पडून होती, ते मी विचारलं नाही.)

मी स्वतः गुडघ्यांवर रांगत फरशी बसवली. कडेनं हरळी लावली, ती तिसऱ्या दिवशी पिवळी होऊन वारली. मी डगमगलो नाही. मधोमध सिमेंटचा बगळा उभा केला, त्याला पाणी लागत नाही.

मामाजी संध्याकाळच्या एस्टीनं आले. मी त्यांना थेट मागच्या दारात नेलं.

"हे काय होय?"

"बाग आहे, मामाजी."

"झाडं कुठी हायेत?"

"ही नुसती पाहायची बाग असते."

"बरं, पाह्यली. आता खाटा टाका, दिवसभराचा शिनलो."

आमच्याकडे वैशाखात घरात झोपतो तो एक तर आजारी, नाही तर वेडा. सगळा गाव अंगणात खाट टाकतो. ही गोष्ट, जन्म चंद्रपुरात जाऊनही, फरशी घेताना माझ्या ध्यानात आली नव्हती. मी चपला घालूनच खाटा टाकल्या. मामाजींनी फरशीवर अनवाणी पाय ठेवला आणि "आई वो!" म्हणून असे उडाले, की थेट खाटेवरच येऊन पडले. दिवसभर ऊन पिऊन बसलेली ती काळी फरशी आता ते सगळं परत करत होती.

मी घाईघाईनं बादलीभर पाणी ओतलं. छन्न आवाज झाला आणि बगळा वाफेत दिसेनासा झाला.

"जवाईबापू," वाफेतून आवाज आला, "वाफारा कायले देता? मले सर्दी नाई झाली."

कुंपणापलीकडून शेजारच्या नीलाबाईंनी हाक मारली, "या ना मामाजी, आमच्या इथी! आजच सारवलं." मामाजींनी खाट उचलली. पाठोपाठ सत्यशीलाही उशी घेऊन निघाली.

"तू पण?"

"मले भाजून घ्याची हौस नाई. तुमी झोपा, बाग पाहत."

आणि मी झोपलो! ईर्ष्या होती ना. एक बाजू शेकली की कूस बदलायची, दुसरी शेकली की पुन्हा पहिली.

सकाळी डोळे उघडले तर सत्यशीला डोक्याशी उभी, हातात कुरड्यांचा चीक आणि सोऱ्या.

"सरका. कुरोड्या घालते."

"बागेत?"

"मंग काय बगळ्याच्या डोक्यावर घालू?"

एरवी दोन दिवस घेणाऱ्या कुरड्या दुपारच्या जेवणाआधी कडकडीत वाळल्या. झालं! मोहल्लाभर डंका पिटला गेला. दुसऱ्या दिवशी नीलाबाईंचे पापड आले, पलीकडच्यांच्या मूगवड्या आल्या, आणि जागा संपली तेव्हा कुणीतरी बगळ्याच्या चोचीवर शेवया टाकल्या. बायकांनी कौतुकानं न्हाऊ घातलं, अर्थात सत्यशीलेला.

एवढा माल पाहून कावळे येणारच. रविवार होता, मी रिकामा सापडलो. माझ्या हाती काठी आली आणि मला दाराच्या सावलीत स्टुलावर बसवण्यात आलं. मी म्हटलं, ठीक आहे. हाती घेतलेलं काम चोख करायचं. "हाऽऽड" करून असा ओरडत राहिलो की घसा बसला, पण एका पापडाला चोच लागू दिली नाही.

मामाजी ओट्यावर बसून सगळं पाहत होते. दिवस कलला तसे ते उठले, माझ्याजवळ आले आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा जवाईबापू, वा!"

माझा ऊर भरून आला. डोळ्यांत पाणीच तरळलं. "फरशी आवडली ना, मामाजी?"

"फरशीचं जाऊ द्या हो. दिवसभरात एक कावळा टेकला नाई! आमी वावरात दरसाली बुजगावनं उभं करतो, त्याच्या डोक्यावर बसून पाखरं धान खातेत. यंदा धान निसवून लोंब्या आल्या का आठ दिवसाची रजा काढून गावाले या."

आतून सत्यशीलेचा अभिमानानं भरलेला आवाज आला, "मी म्हनत होती ना बाबा, कामाचे हायेत म्हनून!"