रातांबीची बदली

चैत्र संपता संपता भामाकाकीच्या परसातल्या रातांबीने, म्हणजे कोकमाच्या झाडाने, घाटमाथ्यावर बदली मिळावी म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज दिला.

अर्ज रीतसर होता. थंडी पडत नाही, मोहोर उशिरा येतो, फळ पिकायला आणि वळवाचा पाऊस कोसळायला एकच गाठ पडते, आमसुलं सुकायच्या आत कुजतात. सगळं क्रमाने लिहिलेलं. ग्रामसेवक गुरवांनी दोनदा वाचलं.

"कारण खरं आहे. पण मालकिणीचा अंगठा लागेल."

मालकीण बाकावरच बसली होती, तोंड फुगवून. भामाकाकीच्या पोटी मूलबाळ नाही. ही रातांबी तिनं हातानं लावलेली, उन्हाळ्यात घागरी वाहून जगवलेली. अंगठा उठवला की घर सुनं.

"मला न विचारता अर्ज देतेस? पाणी घालायचं ठेवलं होतं का मी?"

"पाण्याचं नाही गो आई," रातांबी दारातून म्हणाली. आत ती मावत नव्हती. "अंग भाजतं."

"माझंही भाजतं. मी गेले कुठं?"

"तुला कुठं फळं धरायचीत?"

काकीनं तोंड फिरवलं. रातांबीची दोन पानं गळाली. "तसं नव्हतं गो म्हणायचं."

"कळलं. बोलून झालं ना, मग आता उभी राहा नीट."

गुरव खाकरले. "आणखी एक अडचण. रातांबीत नर वेगळा, मादी वेगळी. वर नर नाही. एकटी जाऊन फळणार कशी?"

देवळामागे एक नर होता. फळत नाही म्हणून गाव त्याला मेला वांझोटा म्हणे, आणि येत्या होळीला तोडायचा असं काकीनंच सुचवलं होतं. शिपाई त्याला बोलावून घेऊन आला. तो खाली बघत उभा राहिला.

"जाशील का हिच्याबरोबर?" गुरवांनी विचारलं.

"मला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं," तो म्हणाला. "जाईन."

गुरवांनी 'कुटुंबासह' लिहिलं आणि शाईचा डबा पुढे सरकवला. काकीनं हात मागे घेतला.

"कुटुंब कसलं? लग्न कुठं झालंय? अशी नाही पाठवायची मी पोरीला. आधी अक्षता, मग अंगठा."

दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न लागलं. अंतरपाट म्हणून काकीचं इरकली लुगडं धरलं, तेही दोन शिड्या लावून. काकीनं रातांबीची ओटी भरली आणि मग अंगठा उठवला. दोघं मुळं आवरून घाटाला लागली. वळणावर एसटी थांबली, त्यांना वाट दिली.

"जावईबापू," काकी मागून ओरडली, "मोहोरात तिला वारा सोसत नाही हो! वाऱ्याच्या बाजूला तुम्ही उभे राहा!"

गुरव परसातला खड्डा मोजायला आले. "काकी, इथं आता काय लावणार? नोंद करायचीय."

"काही नाही." काकीनं पदरानं डोळे पुसले. "आषाढात पोर माहेरी येईल. ती उभी कुठं राहील?"

गुरवांनी रजिस्टर उघडलं आणि त्या जागेपुढे 'राखीव' असं लिहिलं.