चौदा जणांत दोघे

बेल्मीरूने शेवटची गाय विकली त्या दिवशी ओदीलियाने पलंगावर बॅग उघडून ठेवली. एकतीस वर्षं रोज दोन वेळा धारा काढायच्या असल्यामुळे माहेरच्या साँ जॉर्ज बेटावर, धाकट्या बहिणीकडे, समुद्राकडे जाणं झालंच नव्हतं. आता जूनअखेर निघायचं ठरलं होतं. तिने लोकरीची शाल तळाशी अंथरली, तेवढ्यात बेल्मीरू दारात आला.

"ओदी, मी विधानसभेला उभा राहतोय."

"गुडघे बघ आधी. उभं काय राहतोयस!"

"मस्करी नाही गं. गाय कुठल्या बाजूने दूध देते हे सॅक्रामेंटोच्या विधानसभेत एकालाही ठाऊक नाही."

"आणि इदालिना? वाट बघतेय ती."

"नोव्हेंबरनंतर जाऊ. म्हणजे... निवडून नाही आलो तर."

एकतीस वर्षं गाई आडव्या आल्या, आता मतदार.

ओदीलिया भांडली नाही. तिने निवडणुकीची पुस्तिका वाचून काढली. जूनच्या पहिल्या फेरीत सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच कागदावर, पहिले दोन नोव्हेंबरात, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत, बाकीचे घरी. ‘बाकीचे घरी’ तिने दोनदा वाचलं.

दुसऱ्या पक्षाचे दोघंच उभे होते. बेल्मीरूच्या पक्षाची मतं पाचसहा जणांत वाटली गेली, की ते दोघं आरामात पुढे आणि बेल्मीरू विमानात.

ती आधी बेकरीवाल्या फिर्मीनूकडे गेली.

"तुझ्या गोड पावासाठी रविवारी केवढी रांग असते! तेवढी मतं पुरेत रे. तूही उभा राहा."

"पण वहिनी, बेल्मीरू माझा मित्र."

"म्हणूनच. तुझ्यासमोर हरला तर त्याला वाईट वाटणार नाही."

मग गुरांचा डॉक्टर, मग बँडमास्तर, मग सणाला सोपाशचं, म्हणजे मांसाच्या रश्शाचं, पातेलं ढवळणारे तिघे भाऊ. प्रत्येकाला वाटलं, हे आपल्या मनातच होतं. बेल्मीरूच्या पक्षाचे सात झाले. ओदीलियाने बॅगेत चपला ठेवल्या.

पण ही गर्दी बघून दुसऱ्या पक्षातल्या लोकांनीही हिशेब मांडला, की आता दहा टक्के मतांतही पहिल्या दोघांत नंबर लागतोय. शेवटच्या दिवशी तिकडूनही पाच जणांनी अर्ज भरले. एकूण चौदा! बेल्मीरू खूश.

"आता कुणीही येऊ शकतं, ओदी! मीसुद्धा!"

"एवढ्या लोकांना सुचलं तरी कसं कोण जाणे," ओदीलिया कांदा चिरत म्हणाली. डोळ्यांतलं पाणी कांद्यावर खपून गेलं.

मेमध्ये मतपत्रिका टपालाने आली. बेल्मीरू सभेला गेला होता. ओदीलियाने पेन उघडलं, फिर्मीनूचं नाव शोधलं, आणि मग यादी पुन्हा वरपासून वाचत गेली. शेवटी एक गोल घाईघाईने काळा करून तिने लिफाफा चिकटवला.

मोजणी तीन आठवडे चालली. पहिल्या आल्या दुसऱ्या पक्षाच्या निवृत्त मुख्याध्यापिका. दुसरा बेल्मीरू. तिसरा फिर्मीनू, फक्त एका मताने मागे. फेरमोजणी झाली, तरी एकच.

"एका मताने, ओदी!" बेल्मीरू स्वयंपाकघरात गोल गोल फिरत होता. "कोण असेल गं तो देवमाणूस? भेटला तर गळ्यात पडेन!"

"आधी तोंड पुस. जॅम लागलाय," ती म्हणाली.

मतपत्रिकेवर त्याच्या नावाखाली ‘दूध उत्पादक’ छापलं होतं. गोठ्यात एक गाय नसलेला माणूस. ते वाचल्यावर तिचा हात फिर्मीनूच्या गोलापर्यंत पोचलाच नव्हता.

तिने बहिणीला फोन लावला. पलीकडून समुद्राचा आवाज येत होता, की तिला तसं वाटलं.

"अगं, मी खोलीला रंगसुद्धा दिलाय!" इदालिना ओरडली. "तू तर म्हणालीस, हरणारच. त्याला जिंकवलं कुणी?"

"कुणीतरी मूर्ख बाई," ओदीलिया म्हणाली. "फोन जरा खिडकीशी धर ना."