वळणावरचे कांबळेभाऊजी

आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर रस्ता खांदेश्वर स्टेशनकडे वळतो, तिथे वर्षानुवर्षं रोज सकाळी एक गृहस्थ डोळे मिटून उभे असायचे. नव्या माणसाला वाटायचं, ध्यान लावलंय. ध्यानबिन काही नाही. ते मोटारसायकलींचे टायर ऐकायचे.

हे आमच्या शेजारच्या दाराचे कांबळेभाऊजी. जुन्या टायरवर नवं रबर चढवायच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, त्या यंत्रांच्या धडधडाटात. रिटायर झाले, पण टायर काही सुटले नाहीत. त्यांचं म्हणणं, गाडी सरळ चालते तेव्हा सगळेच टायर शहाणे. वळताना गाडी कलते, टायर कडेवर येतो. ती कड वेडीवाकडी झिजून करवतीसारखे दात पडले असतील तर तिथे घूं घूं करते. म्हणून कुणी गाडी दाखवायला आणली की हे हात लावायचे नाहीत. दोनच शब्द, "वळवून दाखव."

माझ्या भाचीला बघायला मुलगा आला होता मोटारसायकलवर. आम्ही आत पोहे देतोय, तर हे दारात. "मुलगा चांगला असेल वहिनी, पण पुढच्या टायरची उजवी कड खाल्लीय. वळणात ब्रेक दाबतो. घाईचा आहे."

माझा भाऊ म्हणाला, "अहो, पोरगी द्यायचीय, गाडी नाही घ्यायची."

लग्न झालं. जावई खरंच घाईचा निघाला. आम्ही पानावर बसेपर्यंत हा हात धुऊन मोकळा.

तर असा माणूस. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

तळमजल्यावरची प्रणाली नर्स आहे. उलव्याला ड्यूटी, जाणं-येणं मोटारसायकलने. एक दिवस म्हणाली, "काका, वळताना कायतरी आवाज येतो ओ."

"वळवून दाखव."

तिने वळवली. मी पहिल्या मजल्यावर खिडकीत मेथी निवडत होते. मला तिथवर ऐकू आलं, भुंगा शिरल्यासारखं. भाऊजींनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "काय नाय. टकाटक आहे. जा बिनधास्त."

मला वाटलं, आपल्याला काय कळतंय त्यातलं. मेथी निवडत राहिले. ते मला अजून खातं.

चौथ्या दिवशी उलव्याच्या वळणावर तिची गाडी घसरली. हात मोडला. मेकॅनिकने टायर काढून दाखवला तर कडेला ही करवत. प्रणालीची आई जिन्यात एवढंच म्हणाली, "भाऊजी, तुमच्या भरवशावर गेली हो ती."

त्या दिवसापासून भाऊजी गेटवर दिसेनात.

मग एका रविवारी सकाळी दार वाजलं. "वहिनी, माझ्या गाडीवर मागे बसाल का? ह्या वळणापर्यंतच."

"अहो, माझे गुडघे बघा."

"हळू नेतो. प्रणालीचा तो टायर मेकॅनिककडून मागून आणलाय. माझ्या गाडीला लावलाय."

मी म्हटलं, ह्यांचं डोकं फिरलं. पण त्यांचं तोंड बघून चप्पल घातली. वॉचमनने स्टूल दिलं, तेव्हा कुठे मी वर चढले. गाडी बैलगाडीच्या चालीने निघाली. वळण आलं, गाडी कलली आणि माझ्या पायाखाली तो भुंगा सुरू झाला.

"येतोय?" त्यांनी विचारलं.

"येतोय."

त्यांनी परत विचारलं, "वहिनी, येतोय का?"

मी त्यांच्या कानाशी ओरडले, "येतोय हो, केवढा तरी."

त्यांनी गाडी कडेला घेतली. मागे न बघता बोलले, "मला नाही ऐकू येत. वर्ष झालं असेल."

"मग रोज उभे कशाला राहायचात?"

"पोरं गाडी घेऊन यायची. काका काका करायची." मग म्हणाले, "पोरीचा जीव गेला असता, वहिनी."

तसेच परत फिरले आणि तळमजल्यावर जाऊन प्रणालीला, तिच्या आईसमोर, सगळं सांगितलं. मी दाराशीच उभी होते. प्रणाली प्लास्टरातला हात सांभाळत म्हणाली, "काका, आमच्या हॉस्पिटलात कानाचे डॉक्टर आहेत. मी येते सोबत." भाऊजी मान हलवत राहिले. किती कळलं, देव जाणे. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "घरात मीच सांगेन. तुम्ही नका बोलू."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मिसेस, सुलभावहिनी, कोथिंबीर मागायला आल्या. बाई हळू बोलणारी, समोर बसलं तरी कान द्यावा लागतो. आज चेहरा उजळलेला.

"किती बदललेत हो आमचे," त्या म्हणाल्या. "जन्मभर शब्दाला शब्द. हल्ली कशालाच नाही म्हणत नाहीत. काल धीर केला. आमचं पहिलं मूल गेलं, तेव्हा हे कामावर होते. ते सगळं माझ्या पोटातच होतं इतकी वर्षं. काल मी तासभर बोलत होते. ह्यांनी एकदाही अडवलं नाही. मला रडू आलं, तर माझा हात धरून बसले."

म्हणजे भाऊजींनी घरात अजून सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं झालं हो, बोललात ते."

आणि कोथिंबिरीची जुडी होती तेवढी सगळी त्यांच्या हातात दिली.