चार चिमट्यांची साखळी

देवपुरात आमच्या शेजारचे नानासर घरातलं काहीही टाकायचं झालं की त्याला कपड्यांचे चिमटे लावत. तेही एक नव्हे, चार. एकाच्या शेपटीला दुसरा, अशी साखळी करून. फुटकी बादली असो की तुटकी चप्पल, साखळी दिसली की ती भंगारात देणं माझं काम. मी त्यांचा कॉलेजातला विद्यार्थी, त्यातून रिकामटेकडा.

"पेशीत हेच चालतं बाबा," हे त्यांचं पालुपद. तिथे युबिक्विटिन नावाचं इवलंसं प्रथिन असतं. मोडक्या प्रथिनाला ते शेपटीनं चिकटतं, मग त्याच्यावर दुसरं, तिसरं, चौथं. साखळी झाली की पेशीतलं यंत्र मोडक्याचे तुकडे करतं. एकटंच चिकटलं तर सहसा टाकायचं नसतं, काम वेगळं असतं. आणि युबिक्विटिन सोडवून परत वापरतात, म्हणून चिमटे परत केल्याशिवाय सर मला चहा देत नसत. काकू हसायच्या, "मालेबी चिमटा लावशात का?" सर चक्क लाजायचे.

काकू गेल्या. मागच्या दिवाळीआधी सर दोन दिवस जळगावला मुलीकडे गेले, किल्ली माझ्याकडे. अंगणात दोरीवर काकूंची निळी साडी, तिला चार चिमटे. नेमकी दारात बोहारीण आली. मी शहाणा! साडी दिली, बदल्यात स्टीलची वाटी घेतली आणि चिमटे आठवणीनं खिशात टाकले.

सर आल्यावर मी ऐटीत वाटी पुढे केली. ते रिकाम्या दोरीकडे बघत राहिले. मग कळलं, ती साडी ते दर रविवारी धुऊन वाळत घालायचे. नेसणारी नव्हती, तरी. मी बोहारणीला शोधत पांझरा नदीपलीकडे, पार बाजारापर्यंत फिरलो. सापडली नाही. त्याची खंत आजही जात नाही.

"साखळी नव्हती रे," सर एवढंच म्हणाले. "चार सुटे होते."

ते जवळ आले.

"तुझी चूक नाही. तुमच्या वर्गाला तो धडा मी घाईत उरकला होता. तुझ्या काकूला दवाखान्यात न्यायचं होतं त्या दिवशी."

मी चिमटे परत केले होते, म्हणून त्यांनी चहा टाकला.

वाटी अजून त्यांच्या फळीवर आहे. तिला एकच चिमटा लावलाय.