खात्रीच्या डॉक्टरांचं लॅच

डॉक्टरांनी दार लावलं, लॅचचा खटका फिरवला आणि दार ओढून पाहिलं. लागलं होतं. मग खटका उघडून पुन्हा फिरवला, पुन्हा ओढून पाहिलं. पेशंटचं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून एवढी काळजी घ्यावीच लागते, अशी ते स्वतःची समजूत घालत. चौथ्या वेळी लॅचच्या पोटात 'कट्' असा बारीक आवाज झाला, पण दार एकदाचं लागल्याच्या समाधानात त्यांचं तिकडे लक्ष गेलं नाही.

मनोविकारांच्या त्या खासगी दवाखान्यात तीन डॉक्टर होते. एक झोपेचे, एक रागाचे आणि तिसरे हे, खात्रीचे. गॅस बंद केला का, कुलूप लावलं का, हे बघायला जी माणसं अर्ध्या वाटेतून दहा वेळा घरी परततात, ती यांच्याकडे येत. या आजाराचा यांचा अभ्यास दांडगा. इतकी आतली माहिती यांना मिळाली कुठून, हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःला तर मुळीच नाही.

आज मात्र जिवाला घोर होता. झोपेच्या डॉक्टरांना पलंग टाकायला आणखी एक खोली हवी होती, आणि खात्रीच्या डॉक्टरांकडून वर्षभरात एकही पेशंट बरा होऊन गेलेला नव्हता. पेशंट बरे होत, पण ते बरे झालेत याची डॉक्टरांना खात्री पटत नसे. शेवटी दवाखाना चालवणाऱ्या मोठ्या मॅडमनी बजावलं, "मंगळवारी बारा वाजता येते. एक तरी बरा झालेला पेशंट दाखवा, नाहीतर खोली रिकामी करा."

आज मंगळवार, आणि तो पेशंट समोर बसला होता. दवाखान्यात गुप्ततेसाठी कुणाला नावाने हाक मारत नसत, म्हणून हा नुसता चौदा नंबर. धंद्याने चावीवाला. दुकान बंद करून घरी जायला याला दोन-दोन तास लागत, कारण स्वतःच लावलेल्या कुलपावर याचा विश्वास नव्हता. डॉक्टरांनी त्याला वही दिली होती. एकदाच कुलूप लावायचं, मागे वळून न बघता चालू लागायचं, वहीत खूण करायची.

"एकवीस दिवस झाले डॉक्टर," चौदा नंबर म्हणाला. "एकदाही परत गेलो नाही."

डॉक्टरांना गहिवरून आलं. "चला, मॅडमना दाखवू," म्हणत ते उठले आणि त्यांनी खटका फिरवला. खटका गोल फिरला. पुन्हा फिरला. दार ढिम्म.

"मी बघू का?" चौदा नंबरने विचारलं.

"हात लावायचा नाही!" डॉक्टर ओरडले. "एकवीस दिवसांवर पाणी फिरवताय का? बसा तिथे."

चौदा नंबर मुकाट्याने मांडीवर हात ठेवून बसला. डॉक्टर दाराशी झटू लागले. आवाज ऐकून बाहेर रागाचे डॉक्टर आले.

"डॉक्टर, आत्ता नेमकं काय वाटतंय तुम्हाला?"

"दार उघडावंसं वाटतंय!"

"हं. हे कधीपासून वाटतंय?"

"अहो, दार अडकलंय!"

"आवाज चढलाय तुमचा. शंभरपासून उलटे आकडे मोजा. मी थांबतो."

तेवढ्यात दाराच्या खालून टेपची पट्टी आत सरकली. झोपेचे डॉक्टर बाहेरून दाराची रुंदी मोजत होते. "तुमचं चालू द्या," ते म्हणाले, "पलंग आत जातो का तेवढं बघतोय."

"बाजूला व्हा सगळे," काउंटरवरच्या ताईंचा आवाज आला. "कोपऱ्यावरच्या खांबावर एका चावीवाल्याचा नंबर लावलाय, त्याला बोलावते."

आणि चौदा नंबरच्या खिशातला फोन वाजला.

"बोला," तो म्हणाला. "हो, उघडतो की. कुठे यायचं? ... पोचलोय मी. आतच आहे."

दाराखालची टेपची पट्टी सर्रकन बाहेर गेली. मग मोठ्या मॅडमचा आवाज आला, "बारा वाजले, डॉक्टर."

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. याला लॅचला हात लावू द्यावा, तर बरा झालेला एकुलता एक पेशंट हातचा जाणार. न द्यावा, तर खोली जाणार, आणि तीही आपण आत असताना.

"डॉक्टर," चौदा नंबर हळूच म्हणाला, "बिघडलेलं कुलूप उघडणं हा माझा धंदा आहे. लागलेलं पुन्हापुन्हा बघणं हा आजार. तुम्हीच सांगितलं होतं, तिसऱ्या आठवड्यात."

"मी सांगितलं होतं?"

"नक्की."

"नक्की ना?"

चौदा नंबरने खिशातून बारका स्क्रू ड्रायव्हर काढला. मिनिटभरात दार उघडलं. त्याने लॅच तळहातावर घेऊन निरखलं.

"माल चांगला आहे हो," तो म्हणाला. "पण वर्षभरात एवढं झिजत नाही. कुणीतरी दिवसातून शंभरदा फिरवत असणार."

सगळ्यांनी चौदा नंबरकडे पाहिलं. त्याची मान खाली गेली. खरं काय ते त्याला ठाऊक होतं, तीन महिने तो समोर बसून बघत होता. पण डॉक्टरांचा मान राखून तो बिचारा गप्प राहिला. डॉक्टरांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मी फिरवतो," ते म्हणाले. "हा माणूस ठणठणीत बरा आहे. याची मला खात्री आहे."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात प्रथमच उच्चारलं होतं.

मॅडमनी वही चाळली. "छान. खोली राहू दे यांना," त्या झोपेच्या डॉक्टरांना म्हणाल्या. "एक पेशंट बरा झालाय, आणि दुसरा रोज वेळेवर येतो. ताई, नवीन फाइल काढा. नंबर पंधरा."

चौदा नंबरने जाताना वही डॉक्टरांच्या हातात दिली. "अर्धी कोरी आहे," म्हणाला, आणि मागे वळून न बघता जिना उतरला.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर, उपचाराचा भाग म्हणून, पंधरा नंबरने ही हकीकत लिहून काढली आहे. आपली फजिती दुसऱ्या कुणाची म्हणून लिहिली की जरा सोसवते. लिहून झाल्यावर एकदाच वाचायची आणि वही मिटायची, असं ठरलं होतं. त्याप्रमाणे ती एकदाच वाचली आहे.

सकाळपासून चारदा, पण दर वेळी एकदाच.