फट ठेवायची नाही!

यंदा आमच्या घरात वाऱ्याला बंदी आहे, असं मी छाती फुगवून सगळ्यांना सांगत होतो. आमच्या छुनछन शहराचा हिवाळा तुम्हाला ठाऊकच आहे. तळ्यावरचा वारा नव्या विळ्यासारखा कापत येतो. पण आमच्या दुसऱ्या मजल्यावर येऊन त्यानं नाक घासावं आणि रडत परत जावं, असा बंदोबस्त मी केला होता! खिडक्यांवर बबल रॅपचे थरावर थर, चौकटींना फोमच्या पट्ट्या, दाराखाली चिंध्या. न्हाणीघराच्या पंख्यावर चिकटपट्टी, बॉयलरच्या खोलीतल्या हवेच्या जाळीवरही चिकटपट्टी. मुंगीला जांभई आली तरी ती घरातच राहावी!

गॅसचं बिल कमी येणार होतं, ते खरंच. पण खरं कारण आई.

आई गावात एकटी राहते आणि अजून कोळशाच्या वड्या जाळून खोलीची जमीन तापवते. त्या भोकाभोकांच्या काळ्या वड्या! आमच्या पिढीला भुताची भीती कधी वाटलीच नाही, सगळी भीती त्या वड्यांच्या धुरानं खाल्ली. जमिनीला कुठे तडा गेला की तो विषारी वायू निजलेल्याच्या उशाशी येऊन बसायचा. त्याला रंग नाही, पाऊल नाही. मला निजवताना आई म्हणायची, "सकाळी उठ हं, राजा." ते नुसते लाड नव्हते. ती विनवणी होती. आता तीच विनवणी मी रोज सकाळी फोनवर करतो. पलीकडून "काय रे?" येईपर्यंत माझं काळीज वाळत घातलेल्या मासळीसारखं लोंबकळत असतं.

म्हणून यंदा तिला हट्टानं आणलं. तिनं अट घातली, "रविवारपर्यंत बघते. रमले तर हिवाळाभर राहीन, नाहीतर दुपारच्या बसनं परत."

आल्या आल्या ती खिडकीपाशी गेली. बबल रॅपचा एक फुगा तिनं बोटानं फोडला.

"सांगदोक, तुझ्या घराला नाक नाही रे."

"आई, ऊब बाहेर जाते!"

"आणि आतला माणूस? तो कुठून जातो?" असं म्हणून ती गुणगुणायला लागली,

*दाराला फट ठेव, उंबऱ्याला ठेव ओल,*
*वारा गं पाहुणा, त्याच्याशी दोन बोल.*

मी वाऱ्याशी बोलायला तयार नव्हतो. दोन दिवसांत भिंतींना घाम फुटला. कपाटामागे काळी बुरशी उमलली. सकाळी उठलं की सगळ्यांची डोकी जड. मुलगी बोरा म्हणाली, "बाबा, आपण माणसं आहोत की वाफवायचे मोमो?" बायको मियोंग म्हणाली, "अहो, निदान स्वयंपाकघराची खिडकी तरी उघडा." मी म्हणालो, "वसंतात!"

शनिवारी आईनं गाठोडं बांधायला घेतलं. ती परत त्या वड्यांजवळ निजणार!

"आई, राहा ना."

"डोकं ठणकतं रे इथं. जाण्याआधी तुला सोयाबीन आंबवून ठेवू का? छंगगुकजांग? तुला आवडतं."

"नको! खालच्या बे आजी मागच्या वर्षी त्या वासावरून महिनाभर बोलल्या नाहीत. या घरात आंबवणं बंद!"

"बरं, बाबा," आई म्हणाली. आईचं 'बरं' इतक्या लवकर आलं तर सावध व्हावं. पण मुलांना ते कळत असतं तर ती मुलं कसली?

रविवारी सकाळी मी कचरा टाकून वर आलो, दार उघडलं आणि दारातच थबकलो. वास! एका अख्ख्या पलटणीनं एकदम मोजे काढावेत तसा! आणि स्वयंपाकघरातून टीं... टीं... टीं... माझं डोकं तर कालपासूनच ठणकत होतं. तीनही गोष्टी माझ्या मनात एकमेकींचा हात धरून उभ्या राहिल्या.

"गॅस!" मी किंचाळलो. "बाहेर पळा!"

न्हाणीघरातून मियोंग ओरडली, "अहो, केसांना कलप लावलाय!"

"कलपासकट पळ!"

ती डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून पळाली. अग्निशमन दलाला फोन करत बोरा तिच्या मागे. मी खिडकीकडे झेपावलो. उघडेना! पट्टी नखांनी खरवडली, दातांनी ओढली. मीच चिकटवलेली होती ना, माझ्यासारखीच हट्टी निघाली.

तेवढ्यात आठवलं. आई!

ती खोलीत होती, जमिनीच्या सगळ्यात गरम कोपऱ्यात, गोधडीच्या उंचवट्यावर आडवी. डोळे मिटलेले.

"आई!"

उत्तर नाही. खांदा हलवला. मान नुसती डुलली. नाकापाशी कान नेला. श्वास नाही.

मित्रहो, इथे मला विनोद सुचत नाही. इतकी वर्षं ज्या सकाळीला मी घाबरत आलो, ती गावच्या घरात दबा धरून बसली नव्हती. ती माझ्याच घरात आली होती आणि तिच्यामागे सगळी दारं मीच लावून घेतली होती. लहानपणी आई मला म्हणायची ते 'सकाळी उठ हं' माझ्या तोंडून बाहेर पडेना.

मी गोधडीची दोन टोकं धरली आणि आईला ओढत बाहेर काढलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर धप्! दुसरीवर धप्! तिसरीवर गोधडीच्या घडीतून एक टोपली निसटली आणि तारा सुटलेले चिकट सोयाबीन जिनाभर गडगडत गेले!

आईनं खाडकन डोळे उघडले. "अरे मेल्या! माझे सोयाबीन!"

"तू... तू जिवंत आहेस?"

"तुझी पावलं ऐकली म्हणून टोपलीवर झोपेचं सोंग घेतलं! तू नाकाशी कान आणलास, मग श्वास धरावाच लागला!"

"का?"

"हसू येत होतं!"

मी हसलो की रडलो, आठवत नाही. तेवढ्यात खालून बे आजी वाडगं घेऊन धापा टाकत आल्या. गॅस म्हटल्यावर त्यांच्या पिढीचा उपाय एकच, मुळ्याच्या किमचीचं, म्हणजे आंबवलेल्या लोणच्याचं, गारढोण पाणी! त्यांनी माझं नाक दाबलं आणि वाडग्यातलं पाणी घशात ओतलं. मग मियोंगला, मग बोराला, आणि शेवटी धावत आलेल्या अग्निशमनवाल्यालाही!

"आजी, मी वाचवायला आलोय!"

"म्हणून आधी तू पी!"

त्यानं यंत्र घेऊन घरभर तपासलं. गॅस गळत नव्हता. वास सोयाबीनचा. टीं टीं किमचीच्या फ्रिजची. आईनं डबे कोंबल्यानं दार अर्धवट राहिलं होतं, ते त्यानं गुडघ्यानं लोटून बंद केलं. डोकेदुखी कोंडलेल्या हवेची. जिन्यात जमलेले शेजारी हसायला लागले. मीही हसणारच होतो. तोच तो बॉयलरच्या खोलीतून बाहेर आला. त्याच्या हातात सोललेली चिकटपट्टी होती आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"ही जाळी कुणी बुजवली?"

"मी. थंडी येत होती..."

"साहेब, बॉयलरच्या खोलीला हवा लागते. धुराच्या नळीला नुसती चीर गेली असती ना, तर आज सोयाबीनचा वास घ्यायला घरात कुणी उरलं नसतं."

माझ्या घशातलं मुळ्याचं पाणी पुन्हा वर आलं.

आई उठली. गोधडी झटकून खोलीत गेली. मला वाटलं, गाठोडं घेऊन येणार. संपलं. आता पुन्हा रोजचा फोन, पुन्हा लोंबकळतं काळीज.

ती खरंच गाठोडं घेऊन आली आणि माझ्यासमोर त्याची गाठ सोडायला लागली.

"आई, राहतेस?" मी विचारलं. "आवडलं तुला इथं?"

"आवडलं कसलं! घर आहे की बरणी?" ती म्हणाली. "पण तुला असा एकटा सोडून गेले, तर गावात मला झोप लागेल का? आता रोज सकाळी मी बघत जाईन, तू श्वास घेतोयस का ते."

तर अशी आई हिवाळाभर आमच्याकडे आहे, अगदी सुखरूप. रोज सकाळ-संध्याकाळ घरातल्या सगळ्या खिडक्या ती स्वतः सताड उघडते, आणि हे मी तुम्हाला हातमोजे घालून लिहितो आहे.