शालिग्राम गुरुजींच्या झोपेचा समाचार

शालिग्राम गुरुजींना झोप लागली ती चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी आणि चुकीच्या माणसासमोर. वेळ सकाळी साडेनवाची, जागा चौथीच्या वर्गातली खुर्ची आणि माणूस म्हणजे पंचायत समितीचे शिक्षण विस्तार अधिकारी माणिकराव. त्यातून वर्गात धडा चालला होता तो आरोग्याच्या सवयींचा. फळ्यावर गुरुजींच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'रोज आठ तास झोप घ्यावी', आणि त्याखाली खुद्द गुरुजी मान टाकून घोरत होते. सगळा वर्ग मन लावून ऐकत होता. इतकं लक्ष त्या पोरांनी जन्मात दिलं नव्हतं.

साहेबांनी छत्रीच्या टोकानं टेबल वाजवलं. गुरुजी ताडकन उठले आणि सवयीनं म्हणाले, "हात वर करा."

"हे प्रात्यक्षिक चाललंय का?" साहेबांनी विचारलं.

आता झोप का लागली, ते कोण विचारतो? जळगाव जामोदच्या पलीकडे, पहाडाच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात लिहिणारा-वाचणारा मोठा माणूस एकच, तो म्हणजे गुरुजी. महाराष्ट्र झाला, पंचायत समित्या आल्या आणि त्यांच्यापाठोपाठ अर्ज आले. विहिरीचा अर्ज, वहिवाटीचा अर्ज, अर्जाचं काय झालं म्हणून विचारणारा अर्ज. लोक दिवसभर शेतात, म्हणून अर्ज घेऊन यायचे ते जेवणखाण आटोपल्यावर, आणि आधी अर्ध्या घटकेच्या गप्पा हाणल्याशिवाय मूळ मुद्द्यावर यायचे नाहीत. पुन्हा पहाटे मळ्यात जाताना दार वाजवायचे, कारण रात्री एक ओळ सांगायची राहिलेली असायची. गेली दोन वर्षं गुरुजींची झोप अशी उसवत चालली होती.

माणिकरावांनी शेरेबुक उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"आज मी शेरा लिहीत नाही," ते म्हणाले. "आठवडाभर वैद्यकीय रजा घ्या. पुढच्या सोमवारी डॉक्टरांचा दाखला माझ्यासमोर ठेवा, की तुमची प्रकृती शिकवण्यालायक आहे. नाही ठेवला तर शेरा लिहीन. आणि मग पहाडावरची एकशिक्षकी शाळा रिकामीच आहे."

पहाडावरच्या त्या शाळेला छप्पर नव्हतं, वाट नव्हती आणि पावसाळ्यात मास्तरही नसायचा. इथं गुरुजींनी सोळा वर्षं घालवली होती. आवारातली आठही कडुनिंबं त्यांनी स्वतः पाणी घालून वाढवली होती. ते सगळं आता एका डुलकीपायी जाणार होतं.

त्याच दिवशी ते जळगावला डॉक्टरकडे गेले. डॉक्टर पुण्याकडचे होते. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला आणि भुवया उंचावल्या.

"औषध नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला झोप हवी. रात्री आठ तास आणि दुपारी दोन. माणूस जेवणाशिवाय काढतो त्याहून कमी दिवस झोपेशिवाय काढतो, हे ध्यानात घ्या. घरी जाऊन सक्तीनं पडून राहा. सोमवारी या. रक्तदाब उतरला तर दाखला देईन, नाही तर नाही."

मंगळवारी दुपारी गुरुजी जेवले, ओसरीवरच्या बाजेवर गोधडी टाकली आणि हुकुमाप्रमाणे पडून राहिले. डोळा लागतच होता, तेवढ्यात शेजारच्या मनकर्णाबाई विरजण मागायला आल्या आणि परसदारी उभ्या राहिल्या.

"गुरुजी दिसून नाही राह्यले आज?" त्यांनी विचारलं.

गुरुजींची बायको चांगुणाबाई सरळ मनाच्या. डॉक्टरांचा शब्द त्यांनी जसाच्या तसा सांगितला. "पडेल हायेत. डाक्टरानंच सांगतलं."

पुण्याच्या डॉक्टरला यातलं काय कळणार? पण या भागात माणूस 'पडेल' आहे म्हटलं की तो आडवा होऊन आराम करतो आहे, असं कोणी समजत नाही. तो आता उठतो की नाही, असं समजतात. आणि पडलेल्या माणसाच्या समाचाराला जावंच लागतं. जो जात नाही त्याचं नाव निघतं, आणि पुढं त्याच्या घरच्या लग्नात लोक जेवायला येतात पण बोलत नाहीत. मनकर्णाबाई विरजण तिथंच विसरून परत फिरल्या.

अर्ध्या तासात वांगीवाला मोतीराम माळी हजर झाला. त्याच्या विहिरीचे तिन्ही अर्ज गुरुजींनीच लिहिले होते.

"गुरुजी, निजले का?" त्यानं हळूच विचारलं. उत्तर नाही म्हणून मोठ्यानं विचारलं. तरीही उत्तर नाही म्हणून खांद्याला धरून हलवलं. "गुरुजी. निजले का म्हनतो?"

"निजलोच व्हतो," गुरुजी म्हणाले.

"मंग निजा. मी काई बोलत नाही. बसतो अठीच."

तो बसला, आणि लगेच बोलू लागला. त्याच्या मावसभावालाही असंच झालं होतं. झोपच नाही. तोही असाच बाजेवर, असाच डाव्या कुशीवर. मग एक दिवस मोतीरामच त्याला पाहायला गेला होता. "लय चांगला मानूस व्हता," मोतीराम म्हणाला आणि गुरुजींकडे डोळे भरून पाहू लागला. त्यानंतर कोणाला झोप येईल?

बुधवारी अकरा माणसं आली. प्रत्येकासाठी चहा टाकावा लागला, कारण समाचाराला आलेल्याला कोरडं पाठवत नाहीत. प्रत्येकानं निजले का म्हणून विचारलं आणि प्रत्येकानं ते हलवूनच विचारलं. रात्रीचं तर विचारूच नका. ज्यांना दिवसा जमलं नाही ते रात्री आले.

गुरुवारी गुरुजींनी डोकं चालवलं. पाटी घेतली, तिच्यावर ठळक अक्षरात लिहिलं, 'गुरुजी झोपले आहेत. कृपया उठवू नये', आणि ती बाहेर खुंटीला अडकवली. मग निश्चिंत मनानं पाठ टेकली. पाचच मिनिटांत कोणीतरी त्यांचा अंगठा ओढला. कडूबा गिरणीवाला पायथ्याशी उभा होता.

"गुरुजी, दारावर काई लिव्हेल हाय," तो म्हणाला. "वाचून द्या बरं जरा. मनलं सरकारी नोटीस त नाही?"

गुरुजींनी वाचून दिलं. कडूबानं मान डोलावली. "हाव, बराबर हाय," तो म्हणाला. "उठवालेच नाही पायजे." त्या दुपारी ती पाटी गुरुजींनी सात जणांना वाचून दाखवली. सातव्याला वाचून दाखवल्यावर त्यांनी ती काढून बाजेखाली सरकवली.

कडूबाला मात्र ती गोष्ट लागली होती. शुक्रवारी भर दुपारी त्यानं गिरणी बंद केली, कारण गुरुजींच्या झोपेत इंजिनाचा आवाज नको. एरवी त्या पुकपुक आवाजावर गुरुजींना सोळा वर्षं गुंगी येत आली होती. आवाज थांबला तसे ते दचकून जागे झाले. वर कडूबा स्वतः सांगायला आला.

"गिरनी बंद केली तुमच्यासाठी. आता झोपा बिनघोर."

त्याच्यामागे दळणाच्या रांगेतल्या नऊ बाया आपापल्या टोपल्यांसकट आल्या होत्या. गिरणी बंद म्हटल्यावर त्यांना दुसरं काम नव्हतं. त्या अंगणात बसल्या आणि झोप न येण्याची कारणं काढू लागल्या. कोणी दृष्ट म्हणाली, कोणी पित्त, आणि एक जण हळूच म्हणाली, "सायबानं भर वर्गात अपमान केला मनते. म्हून हाय खाल्ली मानसानं." ही गोष्ट सगळ्यांना पटली आणि शनिवारच्या बाजारात ती जळगावपर्यंत गेली.

त्याच शनिवारी, गावातल्या कोणाचा तरी निरोप मिळून, लोणाराकडच्या सुलतानपुराहून गुरुजींची म्हातारी आत्या, सोजराबाई, दोन गाड्या बदलून बोचक्यासह उतरली. "काय झालं रं लेकरा?" म्हणून तिनं गळा काढला आणि बोचक्यातून काशाची वाटी बाहेर काढली. तळपायाला तेल लावून काशाची वाटी घासली की झोप येते, हे खरंच आहे. पण सोजराबाईच्या हाताला जोर होता आणि गुरुजींना लहानपणापासून गुदगुल्या व्हायच्या. ते हसत-ओरडत बाजेवर उड्या मारू लागले. अंगणातल्या बाया एकमेकींकडे पाहून म्हणाल्या, "आता डोक्शावर गेलं."

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं ते मात्र गुदगुल्यांचं नव्हतं. सोमवार दोन रात्रींवर आला होता. डोकं ठणकत होतं, कानात गिरणी चालू होती, आणि रागवायचं कोणावर? जो येत होता तो मायेनंच येत होता. कोणी वांगी आणत होतं, कोणी ताक. रागवायलाही कोणी जागा ठेवली नव्हती, आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला होता.

रविवारी दुपारी एक वाजता, चैत्राच्या कडकडीत उन्हात, माणिकराव साहेब सायकलवरून आले. बाजारातली बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. नऊ मैल सायकल हाणून त्यांच्या सदऱ्याचं पोतेरं झालं होतं आणि चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. अंगणात चाळीस-पन्नास माणसं बसलेली पाहून ते फाटकातच थांबले. त्यांना वाटलं, उशीर झाला.

"गुरुजी... आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"हायेत," मोतीराम म्हणाला. "तुमच्याच नावानं पडेल हायेत."

गुरुजी धडपडत उठले. साहेबांना बसायला खुर्ची नव्हती, खुर्ची काय ती शाळेत एकच. म्हणून त्यांनी स्वतःची बाज पुढं केली. गोधडी आत्यानं सकाळीच उन्हात टाकली होती, तेव्हा साहेब बसले ते उघड्या दोऱ्यांवरच. चांगुणाबाईंनी चहा आणला. मनकर्णाबाईंनी पंख्यानं वारा घातला.

"गुरुजी, तुमचा गैरसमज झाला," साहेब म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते. "मी मनाला लागेल असं बोललो नव्हतो. मलाही कामं आहेत हो. मार्चअखेरचे तक्ते... बावीस दिवस झाले, रोज दोन-अडीच वाजतात... वरून पत्र येतं की आकडे जुळत नाहीत... मी जरा पाठ टेकतो, तुम्ही बोला."

त्यांनी पाठ टेकली. गुरुजी काय बोलावं याचा विचार करत होते, तोवर साहेब घोरू लागले.

मोतीरामनं पुढं येऊन वाकून पाहिलं. त्यानं हात पुढं केला तसे गुरुजी पुढं सरकले. आता हा साहेबांना हलवून विचारणार, निजले का. पण मोतीरामनं हात मागं घेतला, तोंडावर बोट ठेवलं आणि अंगणाकडे वळून कुजबुजला, "सायेब निजले हायेत. कोनी आवाज करू नका बे."

आणि मग गुरुजींनी जे पाहिलं त्यावर त्यांचा विश्वास बसेना. कडूबा अनवाणी पावलांनी गिरणी बंद करायला पळाला. रस्त्यानं चाललेल्या गाडीच्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा कोणीतरी सोडून हातात धरल्या. दोघं जण बाभळीखाली कावळे हाकायला उभे राहिले, तेही तोंड न उघडता. सोजराबाईनं वाटी पदरात गुंडाळली. घरच्या माणसासारखं ज्याला मानतात त्याला सहा दिवस झोपू न देणारं गाव, साहेबांच्या झोपेसाठी श्वास धरून बसलं होतं. गुरुजींना इतकी चीड आली की उठून दोन शब्द सुनवावेत असं त्यांनी नक्की केलं. त्यासाठी त्यांनी भिंतीला टेकून डोळे मिटले, शब्द जुळवायला, आणि तिथंच जमिनीवर ते गाढ झोपून गेले.

पुढचं गुरुजींना बायकोकडूनच कळलं. साहेब उठले तेव्हा पाच वाजले होते. त्यांच्या उजव्या गालावर बाजेच्या दोऱ्यांची जाळी उमटली होती. समोर अख्खं गाव त्यांच्याकडे पाहत मुकाट बसलं होतं, आणि खाली भिंतीशी गुरुजी लहान मुलासारखे पाय पोटाशी घेऊन झोपले होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं, गाल चोळला, टोपी घातली.

"गुरुजींना सांगा," ते चांगुणाबाईंना हळू आवाजात म्हणाले, "दाखला आणायची गरज नाही. मंगळवारी कामावर हजर व्हा म्हणावं."

"काऊन?" मोतीरामनं विचारलं.

पन्नास माणसं उत्तर ऐकायला पुढं सरकली.

"त्यांची झोप मी स्वतः चार तास तपासली आहे," साहेब म्हणाले. "उत्तम आहे. त्यांना कोणीही उठवायचं नाही. हा माझा आदेश समजा."

आवाज नको म्हणून सायकल त्यांनी फाटकाबाहेर जाईपर्यंत हातात धरून नेली.

आदेश म्हटल्यावर गावानं तो पाळला. गुरुजींना जाग आली ती सोमवारी सकाळी आठला. अंग हलकं झालं होतं. डोक्यातला ठणका गेला होता. सोजराबाई पहिल्या गाडीनं सुलतानपूरला निघून गेली होती. बायकोनं सगळी हकीकत सांगितली, तेव्हा सोळा वर्षांची शाळा आणि आठही कडुनिंबं परत मिळाल्याच्या आनंदात गुरुजी ओसरीवर येऊन बसले. अंगण रिकामं होतं. फाटक लोटलेलं होतं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांचा चेहरा जरासा पडला.

"काऊन वं," ते आत पाहून म्हणाले, "आज कोनीच नाही आलं समाचाराले?"

चांगुणाबाई बाहेर आल्या, बाजेवर गोधडी टाकली, हातातला चहाचा डबा नवऱ्याच्या मांडीवर ठेवला आणि आडव्या झाल्या.

"सात दिवस तुमच्या झोपीपायी माह्या डोयाले डोया लागला नाही," त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "एकानं तरी इचारलं का मले? तुम्ही तरी?"

बायको झोपलेली आपण शेवटची कधी पाहिली, ते गुरुजींना आठवेना. त्यांनी फाटकाला आतून कडी घातली आणि चूल कशी पेटवतात ते पाहायला ते स्वयंपाकघरात गेले.